लवंगकाकांची गाठ

माझे भावोजी मुळात बोलायचेच नाहीत. लग्नात फोटोवाला "हसा" म्हणाला तेव्हा हसले, "झालं" म्हणाला तेव्हा थांबले, आणि पुढे कितीतरी दिवस त्यांचा आवाज आम्ही ऐकला तो फक्त जेवताना, "पुरे" म्हणताना. ताई माझी सख्खी बहीण आणि अखंड बडबडी, त्यामुळे त्यांच्या घरात शब्दांची टंचाई कधी जाणवली नाही. पण पानगळ सुरू झाली, इमारतीसमोरची झाडं पिवळी पडली, की या माणसाला वाचा फुटायची. विषय एकच. संत्रं.

"याची साल जाड आहे," बाजारातून येतानाच जिन्यात मला थांबवून सांगायचे. "हे चकत्यांना चांगलं. लवंगा टोचायला नको. टोचायला पातळ सालीचं पाहिजे, घट्ट."

"भावोजी, लग्नाआधी ताईला एवढं निरखून बघितलं होतं का हो?"

ते खरोखर आठवून बघायचे आणि म्हणायचे, "नाही. तेव्हा घाईच झाली."

त्यांचं सगळं काम स्वयंपाकघरातल्या टेबलावर चालायचं. चकत्या एकसारख्या कापायच्या, धुवट कापडात टिपायच्या आणि अगदी मंद ओव्हनमध्ये ठेवायच्या. ओव्हनचं दार पूर्ण लावायचं नाही, फटीत लाकडी चमचा अडकवायचा, म्हणजे वाफ बाहेर पडते. मधूनमधून उलटत राहायचं. घाई केली तर कडा करपतात आणि गर चिकटच राहतो. नीट वाळलेली चकती खिडकीपाशी धरली की रंगीत काचेसारखी दिसायची, आणि ते प्रत्येक चकती धरून बघायचेच. लवंगांच्या संत्र्याची तऱ्हा वेगळी. दाभणाने भोक पाडायचं, लवंग दाबायची, शेजारी एका लवंगेची जागा मोकळी सोडायची, मग पुढची लवंग. संत्रं वाळताना आकसतं, जागा ठेवली नाही तर साल फाटते. मग ते दालचिनीच्या पुडीत घोळवून कागदी पिशवीत टांगायचं आणि रोज फिरवायचं, नाहीतर एका अंगाला बुरशी धरते. पडलेली पानं मऊ असतानाच वर्तमानपत्रात दाबून ठेवायची आणि पातळ मेणात बुडवून काढायची. शेवटी सगळं जाड दोऱ्यात ओवायचं: चकती, पान, दालचिनीची कांडी, चक्रफूल, पुन्हा चकती, आणि खाली मधोमध लवंगांचं संत्रं.

आमच्या इमारतीत एक रीतच पडून गेली होती. पानं पिवळी झाली की लोक लवंगकाकांच्या दाराशी संत्र्यांची पिशवी ठेवून जायचे, आणि थोड्या दिवसांनी प्रत्येकाच्या दारावर माळ लागायची. लवंगकाका हे नाव पोरांनी ठेवलं, मग मोठ्यांनीही उचललं. कोण भरपूर संत्री ठेवतो आणि कोण नुसतीच लांबलचक माळ मागतो, ही आतली बातमी ताईला असायची आणि ताईकडून मला. तळमजल्यावर माझं पार्लर आहे. केसांचे रंग हुंगून हुंगून माझं नाक कामातून गेलंय, तरी आरशावरच्या माळेखाली उभी राहिले की मला बरं वाटायचं.

भावोजी हॉस्पिटलच्या स्टोअरमध्ये कामाला आहेत, असं ताईने लग्न ठरतानाच सांगितलं होतं. बाकीचं चित्र माझं मीच रंगवलं. उशा, चादरी, मलमपट्ट्या, आणि मधे खुर्चीवर हे. कामावरून आले की कुणाशी एक शब्द न बोलता सरळ बाथरूममध्ये जायचे. कपडे गॅलरीतल्या वेगळ्या बादलीत. मी चिडवायची, "चादरी मोजून माणूस एवढा मळतो का हो?" ताई लगेच तिसरंच काहीतरी काढायची. मला वाटायचं, हिला नवऱ्याची थट्टा सोसत नाही. किती बावळट असावं माणसाने!

त्या वर्षी माळा लागून फार दिवस झाले नव्हते. तिसऱ्या मजल्यावर शाळेच्या बाई राहतात. पहिलीच्या मुलांना शिकवतात, एकट्याच असतात. त्यांचा धाकटा भाऊ ट्रक चालवायचा. तो रस्त्यातच अपघातात गेला आणि बाईंना ओळख पटवायला हॉस्पिटलमध्ये बोलावलं. आम्ही चारपाच जणी बरोबर निघालो होतो, पण त्यांनी कुणालाच येऊ दिलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी ताईकडे चहाला बसले होते. बेल वाजली. दारात शाळेच्या बाई उभ्या, आणि हातात त्यांच्या दारावरची माळ.

"या ना बाई, बसा," ताई म्हणाली.

बाई बसल्या नाहीत. त्यांनी माळ टेबलावर ठेवली आणि वरच्या टोकाचा दोरा बोटावर घेतला. "ही गाठ कोण बांधतं?"

"हेच बांधतात. का हो, सुटली का?"

"सुटत नाही." बाई दोऱ्याकडेच बघत होत्या. "तुमचे यजमान नक्की काय काम करतात?"

"हॉस्पिटलच्या स्टोअरमध्ये आहेत."

"कसल्या स्टोअरमध्ये?"

ताई गप्प बसली. माझी ताई प्रश्न ऐकून गप्प बसली, हे मी जन्मात पहिल्यांदा बघत होते.

बाई हळू आवाजात सांगायला लागल्या. "माझ्या भावाचा चेहरा दाखवण्यासारखा राहिला नव्हता. तिथल्या माणसाने विचारलं, पायांवरून ओळखाल का? त्याचे पाय मला पाठ आहेत. मी ओळखले. अंगठ्याला चिठ्ठी बांधलेली होती. दोरा दोनदा फिरवलेला, खालून काढलेला, वर अशीच चपटी गाठ आणि टोकं तिरकी कापलेली. मान वर करायची माझ्यात ताकद नव्हती, म्हणून मी त्या गाठीकडेच बघत राहिले. आज सकाळी शाळेत रजेचा अर्ज द्यायला निघाले, दाराला कुलूप लावलं आणि समोर तीच गाठ."

मला हसू आलं. खरंच आलं. असलं काहीतरी भलतंच कानावर पडलं की माझं असंच होतं. मी म्हणणार होते, काहीतरीच काय बाई, आमचे भावोजी चादरी मोजतात. तेवढ्यात माझं लक्ष ताईकडे गेलं. ती स्टुलावर बसली होती आणि तिने दोन्ही हातांनी टेबलाची कड धरली होती.

"शवागारात आहेत ते," ताई म्हणाली. "पहिल्यापासून."

बाईंनी नुसती मान हलवली आणि माळ तिथेच टेबलावर सोडून त्या निघून गेल्या. त्यांच्या मागून जिन्यात चपला सरकल्याचा आवाज आला तेव्हा माझ्या लक्षात आलं की दार उघडंच होतं आणि पहिल्या मजल्यावरच्या रेडिओकाकू कठड्याला टेकून उभ्या होत्या. त्यांना रेडिओकाकू का म्हणतात ते वेगळं सांगायला नको.

"मला सांगितलं नाहीस," मी म्हणाले. "मला? सख्ख्या बहिणीला?"

"तुला सांगितलं असतं तर आईला कळलं असतं. आईला कळलं असतं तर हे लग्न झालं असतं का? खरं सांग."

"आणि लग्नानंतर?"

"नंतर कधी सांगणार? तू त्यांच्या चादरींवरून एवढी हसायचीस. म्हटलं, हसतेय तर हसू दे."

मला तिचा भयंकर राग आला. त्या टेबलावर मी किती वेळा जेवले होते, त्यांच्या हातून चकत्या घेऊन किती वेळा दोऱ्यात ओवल्या होत्या. ते हात दिवसभर काय करत होते, ते मला आत्ता कळत होतं. अंगावर सर्रकन काटा आला. आणि तो आला म्हणून पुन्हा माझीच मला चीड आली. ही सगळी गंमत एकाच वेळी चालली होती.

संध्याकाळपर्यंत माळा परत यायला लागल्या. कुणी बेल वाजवली नाही. दाराशी आणून ठेवायच्या आणि निघून जायचं. कुणी वर्तमानपत्रात गुंडाळून आणली, कुणी प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून पिशवीचं तोंड करकचून बांधलं, जणू माळ उडी मारून बाहेर येणार होती. रेडिओकाकूंनी तर काठीच्या टोकाला अडकवून आणली. माझ्या पार्लरमध्ये एक बाई अर्धे केस कापून झालेल्या अवस्थेत म्हणाली, "तुमचीही त्यांनीच बनवलेली का? काढा ना ती, मला कसंतरीच होतंय." मी सांगितलं, माळ राहील, तुम्हाला जायचं तर जा. तिला अर्ध्या डोक्याने जाता येईना. तेवढाच माझा त्या दिवसातला आनंद.

आपली माणसं अशी वागतील असं मला खरंच वाटलं नव्हतं. यांचीच पोरं त्या घरात येऊन लवंगा टोचून गेली होती.

भावोजी कामावरून आले. दाराशी ढीग पडलेला. मी आणि ताई उंबऱ्यात उभ्या. त्यांनी ढिगाकडे बघितलं, आमच्या चेहऱ्याकडे बघितलं, आणि रोजच्यासारखे सरळ बाथरूममध्ये गेले. आतून पाण्याचा आवाज येत राहिला. बाहेर आले तेव्हा त्यांनी ढीग उचलून टेबलावर आणला आणि समोर बसले.

"कशावरून कळलं?" त्यांनी विचारलं.

ताईने बाईंचं सगळं सांगितलं. गाठीचं ऐकल्यावर त्यांनी एक माळ उचलली, वरची गाठ निरखून बघितली, मग दुसरी, मग तिसरी. सगळ्यांवर तीच. कुठल्याही बाजूने ओढली तरी न सुटणारी पक्की निरगाठ.

"काल मी बाईंना ओळखलं होतं," ते म्हणाले. "टोपी होती, तोंडावर मास्क होता. मी मुद्दामच जास्त बोललो नाही. म्हटलं, त्यांना जिन्यात माझ्याशी पुन्हा बोलता आलं पाहिजे."

आणि मग हा माणूस बोलायला लागला. एवढं सलग बोलताना मी त्यांना त्याआधी ऐकलं नव्हतं, संत्र्याबद्दलसुद्धा नाही.

नोकरीला नवीन लागले होते तेव्हा नातेवाईक बसतात त्या खोलीतला वास त्यांना सोसवेना. स्वतःसाठी नाही, येणाऱ्यांसाठी. कुणाकडून तरी ऐकून त्यांनी लवंगांचं संत्रं बनवलं आणि तिथे खिडकीत टांगलं. मग चकत्यांची माळ केली, दालचिनीची जुडी केली. खोली छान वासाची झाली. येणारी माणसं क्षणभर मान वर करून बघायची, कुणी आभारही मानायचं. त्यांना वाटलं, चला, आपल्या हातून एक चांगलं काम झालं.

"मग एकदा बाजारात फळवाल्यापाशी उभा होतो," ते म्हणाले. "शेजारी एक बाई होत्या. त्यांच्या मुलासाठी आमच्याकडे येऊन गेल्या होत्या. त्यांनी मला ओळखलं नाही. फळवाल्याने चव बघायला संत्रं सोललं. त्या बाई ओरडल्या. नुसत्या वासाने. तिथेच खाली बसल्या आणि मुलाला हाका मारायला लागल्या. मी केलं होतं ते. मुलगा गेलेलाच होता. त्यांच्याकडे संत्रं तेवढं उरलं होतं, तेही मी नासवलं."

ताईला हे माहीत नव्हतं. तिच्या चेहऱ्यावरूनच कळत होतं. म्हणजे धक्के फक्त माझ्याच वाट्याला नव्हते.

त्या दिवशी त्यांनी खोलीतलं सगळं उतरवलं. त्यानंतर तिथे साबणसुद्धा बिनवासाचा. तिथला वास घरी यायला नको आणि घरचा वास तिथे जायला नको, म्हणून कपडे वेगळे, बादली वेगळी, चपला वेगळ्या. बायकोचा हात हातात घ्यायचा तोसुद्धा अंघोळ झाल्यावर. माळा बनवायच्या त्या जिवंत माणसांच्या दारांसाठी, आणि कामावर त्यातलं लवंगेचं देठही न्यायचं नाही.

"वास सांभाळला," ते म्हणाले. "कपडे सांभाळले. बोटांकडे लक्षच गेलं नाही माझं. ती आपली इथेही तेच बांधत राहिली."

त्यांनी ड्रॉवरमधून कात्री काढली. पहिली माळ उचलून वरची गाठ कापली. चकत्या टेबलावर घरंगळल्या, एकदोन फरशीवर पडून फुटल्या. दुसरी माळ कापली. तिसरी.

"अहो, काय करताय?" ताई ओरडली.

"पुरे झालं आता," ते म्हणाले. "आता लोकांना माळेत तेच दिसणार. बाजारातल्या त्या बाईंसारखं. अख्ख्या इमारतीला कशाला?"

मी कात्री हिसकावायला गेले. माझा तोल सुटला होता. मी म्हणाले, "तुम्ही चोरी केलीय का? लोकांनी काठीने माळ आणून टाकली, आणि तुम्ही त्यांचीच काळजी करताय? नालायक आहेत सगळे!" ते कापतच राहिले. वर्षाकाठी हे थोडे दिवस हा माणूस बोलायचा, हसायचा, जिन्यात थांबायचा. ते दिवस तो स्वतःच्या हाताने कापून टाकत होता आणि आम्ही दोघी बघत उभ्या होतो. ताई रडायला लागली.

दार उघडंच होतं. शाळेच्या बाई कधी येऊन उभ्या राहिल्या ते कळलं नाही. त्यांच्या मागे, थोडं अंतर राखून, रेडिओकाकू होत्याच. पुढचा कार्यक्रम चुकायला नको म्हणून आल्या असणार.

बाईंनी टेबलावरचा पसारा बघितला. "हे काय केलंत?"

भावोजी उभे राहिले. हात पाठीमागे घेतले, जणू ते हात बाईंना दिसायला नकोत. "तुम्हाला दार उघडताना रोज ते दिसायला नको," ते म्हणाले. "माझं चुकलं. माझ्या ध्यानात यायला हवं होतं."

"मी माळ परत करायला आले नव्हते," बाई म्हणाल्या. "खात्री करून घ्यायला आले होते. पुढे कुणी काय पसरवलं ते मला माहीत नाही." रेडिओकाकूंनी जिन्याच्या दिव्याकडे बघितलं. "तो दोरा त्याच्या पायाला काचत नव्हता. खाली बोट जाईल एवढी जागा होती. त्याला आता काही दुखणार नव्हतं, तरी. ते तुम्हीच केलं होतं ना?"

"हो."

"सगळ्यांचं असंच करता?"

"हो. काचलेलं बरं दिसत नाही," भावोजी म्हणाले.

बाई टेबलाशी आल्या. दुपारी सोडून गेलेली त्यांची माळ ढिगात तळाशी होती, कात्री तिच्यापर्यंत पोचली नव्हती. त्यांनी ती ओढून काढली. "माझ्या दारावर ही लागेल. पण या गाठीने नाही. ही गाठ त्याची राहू दे. मला दुसरी बांधून द्या."

भावोजींनी कात्रीने गाठ कापली, दोऱ्याची टोकं हातात घेतली आणि बांधली. बांधून झाल्यावर बघतात तर तीच. दोनदा फिरवलेली, खालून काढलेली, चपटी. त्यांनी ती कापली, नवा दोरा घेतला, पुन्हा बांधली. पुन्हा तीच.

"मला दुसरी येत नाही," ते म्हणाले. एवढा मोठा माणूस, आणि असा खाली मान घालून.

बाईंनी खुर्ची ओढली आणि त्यांच्या शेजारी बसल्या. मग त्यांनी भावोजींचे हात हातात घेतले. त्या हातांनी ओवलेली माळ लोकांनी काठीने आणून टाकली होती, आणि ज्या बाईंच्या भावाला त्या हातांनी काल चिठ्ठी बांधली होती त्यांनीच ते धरले, घट्ट, दोन्ही. माझा माझ्या डोळ्यांवर विश्वास बसेना. दारात रेडिओकाकूंचं तोंड उघडं ते उघडंच.

"ही साधी सुरगाठ," बाई म्हणाल्या. "एक टोक ओढलं की सुटली पाहिजे. ही एक पाकळी करा. अशी. ही दुसरी. आता ही हिच्या खालून घ्या."

पाकळ्या झाल्या, एक दुसरीच्या खालून गेली, आणि शेवटच्या वळणाला भावोजींच्या बोटांनी आपणहून दोरा दुसऱ्यांदा फिरवला आणि चपटा दाबून टाकला.

बाईंनी नखाने ती गाठ उकलली. त्याला वेळ लागला. त्यांचे डोळे भरून आले होते, त्यांना नीट दिसत नसावं. दोरा मोकळा झाल्यावर तो त्यांनी सरळ करून पुन्हा भावोजींच्या बोटांत दिला.

"चुकलं," त्या म्हणाल्या. "परत."